तीन भोकांचा फोटो

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा ९ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या सुमारास ऑफिसातला एखादा सहकारी तुम्हाला मोबाइलवर कागदी लक्ष्याचा फोटो दाखवेल. त्यात एकमेकांना खेटून ३ भोकं. “माझी रायफल १०० यार्डांवर इंचाच्या आत मारते!” त्याचं अभिनंदन जरूर करा, पण त्याआधी थोडं गणित पाहू.

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत प्रत्येक काडतूस हाताने बोल्ट मागेपुढे करून भरतात. रचना साधी आणि भक्कम, म्हणून नेमही चांगला. तरीही सगळ्या गोळ्या एकाच भोकातून जात नाहीत. काडतुसातली दारू किंचित कमीजास्त असते, गोळी सुटताना नळी थरथरते, नेमबाजाचा श्वासही हलतो. त्यामुळे गोळ्या एका मध्याभोवती विखुरतात.

हे विखुरणं किती, ते ३ गोळ्यांत कळत नाही. त्याच रायफलीने १० गोळ्या झाडल्या, तर पुंजक्याची रुंदी ३ गोळ्यांच्या पुंजक्यापेक्षा सरासरी सुमारे १.६ पट भरते. शिवाय ३-३ गोळ्यांचे बरेच पुंजके मारले की एखादा सुंदर जमतोच, आणि फोटो नेमका त्याचाच निघतो.

दुसरी चूक दुर्बिणीची. गोळी उजवीकडे गेली की लगेच दुर्बीण तितकीच डावीकडे फिरवायची, हे शहाणपणाचं वाटतं. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग नरसाळ्यातून टेबलावर गोटी सोडून याचा फोलपणा दाखवत. गोटी जितकी चुकली तितकं नरसाळं दर वेळी उलट सरकवलं, तर विखुरणं घटत नाही, उलट सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतं. कारण मागच्या गोटीची यदृच्छ चूक पुढच्या गोटीत मिसळते.

मग रायफल तपासायची कशी? आधी दस्त्याचे आणि दुर्बिणीचे स्क्रू घट्ट आहेत का पाहा. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवा. ती अडकली, तर लाकूड नळीला टेकतं आहे. दमट हवेत लाकूड फुगतं, नळीवरचा दाब बदलतो आणि नेम सरकतो. नंतर एकाच प्रकारची काडतुसं घेऊन, मधूनमधून नळी थंड होऊ देत १० गोळ्या झाडा. सगळ्या भोकांचा मध्य काढा आणि दुर्बीण एकदाच फिरवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

हा काटेकोरपणा हरणासाठी आहे. त्याच्या हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम ८ इंचांचा. विखुरणं अंतराबरोबर वाढतं, आणि जंगलात वाळूच्या पिशवीचा आधार नसतो. फोटोवर विसंबून कोणी ३०० यार्डांवरून चाप ओढला, तर जनावर जागीच पडण्याऐवजी जखमी होऊन झाडीत पळतं आणि तासन्‌तास तडफडतं. त्यामुळे पुढच्या वेळी फोटो पाहिलात की सहकाऱ्याला एवढंच विचारा: उरलेल्या ७ गोळ्या कुठे लागल्या?