इंजिनच्या ब्लॉकला तडा: गाडी ठेवायची की सोडायची?

थंडी सुरू झाली की अमेरिकेतल्या आपल्या अनेक घरांत एक संवाद ठरलेला असतो. मेकॅनिकचा फोन येतो, "इंजिन ब्लॉक क्रॅक झालाय." घरात शांतता पसरते. मग कोणी म्हणतं, भंगारात द्या. कोणी म्हणतं, बाजारात बाटली मिळते, ती ओता. आज आपण बघूया, की हा निर्णय नीट विचार करून कसा घ्यायचा.

आधी ब्लॉक म्हणजे काय ते पाहू. तो इंजिनचा सांगाडा. पिस्टन ज्यात वरखाली होतात ते सिलिंडर त्यातच असतात. त्यांच्याभोवती कूलंट फिरायला पोकळ जागा असते, तेलाच्या वाटा असतात आणि खाली क्रँकशाफ्टच्या बैठका असतात. जुने ब्लॉक बहुतेक बिडाचे असत, आजच्या बऱ्याच गाड्यांत ते ॲल्युमिनियमचे असतात.

तडा का जातो? इथलं नेहमीचं कारण म्हणजे गोठलेलं पाणी. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं, आणि बंद जागेत त्या जोरापुढे बीडसुद्धा टिकत नाही. टेक्सासमध्ये उन्हाळाभर कूलंट कमी झालं की साधं पाणी ओतलं, आणि नोकरी बदलून तीच गाडी मिनेसोटाला नेली, तर पहिल्याच कडक रात्री घात होऊ शकतो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते मिश्रण साधारण उणे ३४ फॅरनहाइटपर्यंत साथ देतं. दुसरं कारण म्हणजे इंजिन फार तापणं, आणि तापलेल्या इंजिनात घाईने गार पाणी ओतणं.

लक्षणं अशी: कूलंट सारखं कमी होतं, गाडी तापते, इंजिन गरम झाल्यावरही मागून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो, किंवा तेल दुधाळ कॉफीसारखं दिसतं. पण हेड गॅस्केट गेलं तरी हीच लक्षणं दिसतात! आणि दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे. म्हणून "ब्लॉक गेला" हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: "हे कशावरून ठरवलं?"

तपासणी पायरीपायरीने होते. आधी गार इंजिनच्या कूलंटमध्ये हातपंपाने दाब भरून तो उतरतो का ते पाहतात. मग एक निळं रसायन वापरतात. सिलिंडरमधला जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. पण गळती गॅस्केटमधून आहे, हेडमधून आहे की ब्लॉकमधून, हे यातून कळत नाही. त्यासाठी हेड उतरवून डोळ्यांनी पाहावं लागतं. पुढची तपासणी मशीन शॉपमध्ये होते. बिडाच्या ब्लॉकवर चुंबकीय भुकटी टाकली की ती चिरेवर गोळा होते. ॲल्युमिनियमला चुंबक चालत नाही, तिथे चिरेत शिरणारा रंग वापरतात. शिवाय ब्लॉकची तोंडं बंद करून, आत हवा भरून तो पाण्यात बुडवतात. आपल्याकडे सायकलवाला पंक्चर शोधतो, अगदी तसंच!

आता मुख्य मुद्दा. तडा आहे, एवढ्यावर निर्णय होत नाही. तो कुठे आहे, यावर होतो.

तडा कूलंटच्या जागेच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर आशा आहे. तिथे दाब साधारण १५ पीएसआयच्या आसपास असतो, आणि स्फोटांचा भार थेट येत नाही. बिडाच्या ब्लॉकला अशा ठिकाणी धातूचे टाके घालता येतात: चिरेवर एकमेकांना लागून भोकं पाडून त्यांत आट्यांच्या पिना बसवतात. वेल्डिंग मात्र बिडाला सहज मानवत नाही, उष्णतेने शेजारी नवी चीर जाऊ शकते.

तडा सिलिंडरच्या भिंतीला असेल तर भोक मोठं करून नवी स्लीव्ह बसवता येते. जुन्या दुर्मीळ गाडीला किंवा मोठ्या डिझेल इंजिनला हा खर्च परवडतो. रोजच्या सेडानला सहसा नाही.

आणि क्रँकशाफ्टच्या बैठकीला तडा असेल, तर रोजच्या वापराच्या गाडीत त्या ब्लॉकचा मोह सोडा. तिथे प्रत्येक स्फोटाचा भार येतो, चीर वाढत जाते. मुलांना घेऊन हायवेवर असताना इंजिन बंद पडण्याची जोखीम घेण्यासारखी नाही.

मग ती बाटली? त्यातलं रसायन उष्णतेने चिरेत घट्ट होतं, पण रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्याही तुंबवू शकतं. गाडीचे शेवटचे काही आठवडे काढायचे असतील तरच तिचा विचार करा. आणि अशी गाडी विकताना घेणाऱ्याला ते सांगा. तो बहुधा आपल्यासारखाच कोणी नवा आलेला विद्यार्थी असेल.

पैशांचा हिशोब सोपा आहे. समजा, गाडी चांगल्या स्थितीत ५,००० डॉलरची, आहे तशी ८०० ला जाईल, आणि वापरलेलं इंजिन बसवायला ४,५०० लागतील. दुरुस्तीनंतर हातात ५०० डॉलरचंच मूल्य उरतं, म्हणून विकलेली बरी. मागच्या महिन्यात टायरवर केलेला खर्च इथे मोजायचा नाही, तो कधीच गेला. वापरलेलं इंजिन घेणार असाल तर ते किती मैल चाललंय आणि वॉरंटी किती, त्यात मजुरी धरली आहे का, हे लेखी घ्या.

खर्च करण्याआधी आणखी एक करा: आपल्या मॉडेलसाठी कंपनीने वॉरंटी वाढवली आहे का, ते डीलरला विचारा. २००६ ते २००८ च्या आणि सुरुवातीच्या काही २००९ च्या होंडा सिविकमध्ये ब्लॉकला चीर जाऊन कूलंट गळत असे. होंडाने त्या दोषासाठी वॉरंटी वाढवत १० वर्षांपर्यंत नेली, मैलांची अट न ठेवता. ती मुदत आता संपली, पण ज्यांनी वेळेत विचारलं त्यांचे हजारो डॉलर वाचले.

निर्णय होईपर्यंत गाडी चालवू नका, टो करून न्या. तेलात कूलंट मिसळलं की बेअरिंग झिजतात आणि वाचणारं इंजिनही जातं. खाली सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते चवीला गोड पण विषारी असतं, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं ते चाटू शकतात.

आणि ज्यांची गाडी ठणठणीत आहे, त्यांनी या शनिवारी कूलंट तपासून घ्या. तपासायचं साधन थोड्या डॉलरमध्ये मिळतं. भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा मंडळी, नमस्कार!