भुयारी गाडी फलाटावर का थांबून राहते?

मुंबईस जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आता आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो आहे. सुमारे साडेतेहतीस किलोमीटरचा हा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरा झाला. अशा गाडीत कधी चढउतार संपली तरी गाडी फलाट सोडीत नाही आणि मंडळी चुळबुळू लागतात.

याचे एक कारण आपल्या हमरस्त्यावरही दिसते. एका बसला उशीर झाला की थांब्यावर गर्दी साचते, ती घेण्यात आणखी वेळ जातो. मागच्या बसला उतारू थोडेच मिळतात, म्हणून ती भरभर येऊन पुढचीस गाठते. मग बराच वेळ काही नाही आणि एकदम दोन बसगाड्या! भुयारात तर एक गाडी दुसरीस ओलांडू शकत नाही. म्हणून मागच्या गाडीस उशीर झाला तर पुढची, वेळेवर असलेली गाडीही थोडी रोखतात. निरपराध्यास शिक्षा वाटते खरी. पण मागचीची काही गर्दी पुढची उचलते.

दुसरे कारण जिवाचे आहे. पुढची वाट मोकळी नसेल तर गाडी भुयारात अडकण्यापेक्षा फलाटावर असलेली बरी; तेथे दार उघडताच जिना असतो. १९९५ साली अझरबैजानातील बाकू शहरी पेटलेली गाडी दोन स्थानकांमध्ये भुयारातच थांबली. २८० हून अधिक माणसे दगावली, बहुतेक धुराने गुदमरून. म्हणून नव्या भुयारी मार्गांवर, हवा खेळविणाऱ्या दोन विवरांमधील टप्प्यात शक्यतो एकच गाडी असावी असा दंडक असतो. पुढची गाडी तो टप्पा सोडीपर्यंत मागचीने फलाटावरच थांबावयाचे.