मोडलेले लोखंड काय सांगते?

भरल्या गाडीचा लोखंडी आस मोडला की आपण काय करतो? 'लोखंडच कच्चं होतं' असे म्हणून तुकडे मोडीत घालतो आणि नवा आस बसवतो. पण जरा थांबा. जिथे तो मोडला, तिथले तोंड नीट पाहिले, तर मोडण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस वाटेत मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली. ५० हून अधिक माणसे प्राणास मुकली. चालून चालून लोखंडाचा पोतच बदलतो व ते ठिसूळ होते, अशी तेव्हा समजूत होती. पुढच्याच वर्षी रँकिन या तरुण स्कॉटिश इंजिनियराने रेल्वेचे मोडके आस तपासून निराळीच गोष्ट मांडली. आसाची जाडी जिथे एकदम कमी होते, त्या कोपऱ्यात बारीक चीर पडते. ती हळूहळू आत सरकते. शेवटी मधले शाबूत लोखंड भार पेलेनासे होते, आणि आस कडकन मोडतो! उपायही साधाच होता: कोपरा धारदार न ठेवता त्याला गोलाई द्यावी.

आता आपला तुकडा उजेडात धरा. तोंडाचा काही भाग गुळगुळीत, काळपट दिसेल. कधी त्यावर शिंपल्यासारख्या कमानी असतील. ती जुनी चीर. कमानी जिथून सुरू होतात तिथे बहुधा छिन्नीचा घाव, गंजाचा खड्डा किंवा धारदार कोपरा असतो. उरलेला खरखरीत भाग शेवटी एकदम तुटलेला. तो थोडाच असेल, तर त्या दिवशीच्या ओझ्याला दोष देऊ नका; चीरच फार आत गेली होती. मात्र दोन तुकडे एकमेकांवर घासू नका, खुणा पुसतात.

गुरुजींनी वर्गात दोन खडू घ्यावेत. एक वाकवून मोडावा. तो सरळ आडवा तुटेल. दुसरा पिळून मोडावा; तो मळसूत्रासारखा तिरका तुटेल. खडू तोच, पण जोर कसा लागला हे तोंड सांगते.

कारण न पाहता तसाच नवा आस बसवाल, तर तोही तिथेच मोडेल. आणि तेव्हा गाडीत पोती असतील की पोरेबाळे, कोणी सांगावे?