जुने स्पीकर काढून टाकू नका

१९७५ साली मुंबईच्या मिनर्वा थिएटरात ‘शोले’ ७० एम.एम. पडद्यावर, स्टिरिओफोनिक आवाजात लागला. तसा आवाज तेव्हा थिएटरातच मिळे. आज तो हिंगणीसारख्या गावातल्या घरातही ऐकता येतो. मात्र माहिती नसेल तर पैसा वाया जातो. हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

माझ्याकडे दोन स्पीकरांचा स्टिरिओ होता. एका मिस्त्रीने त्याच अँप्लिफायरला मागे आणखी दोन स्पीकर जोडून दिले. समोर जे वाजे तेच मागे वाजू लागले. शिवाय ८ ओहमचे दोन स्पीकर एका चॅनेलला समांतर जोडले की भार ४ ओहमवर येतो आणि अँप्लिफायरला जास्त करंट द्यावा लागतो. माझा अँप्लिफायर तापून जळाला.

खरी पद्धत अशी. ५.१ म्हणजे समोर डावा-उजवा, मधोमध संवादांसाठी सेंटर, बसणाऱ्याच्या बाजूंना किंचित मागे दोन आणि खर्जासाठी १ सबवूफर. प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो, म्हणून ए.व्ही. रिसीव्हर लागतोच. जुनी जोडी धड असेल तर समोर तीच ठेवावी. खर्चही एकदम करू नये. आधी रिसीव्हर, मग सेंटर, मग मागची जोडी आणि शेवटी सबवूफर घ्यावा. जो स्पीकर नाही तो नसल्याची नोंद रिसीव्हरच्या मेनूत करावी.

खोक्यावरच्या हजारो वॅट ‘पी.एम.पी.ओ.’ला भुलू नये, आर.एम.एस.चा आकडा पाहावा. लाल तार लालला आणि काळी काळ्यालाच जोडावी. एक जरी उलटी झाली तरी खर्ज पातळ होतो.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. कापडाच्या दुकानात थानांच्या चळतींमुळे आवाज घुमत नाही. उघड्या फरशीच्या, कोऱ्या भिंतींच्या खोलीत तो घुमतो आणि संवाद कळत नाहीत. अशा खोलीत जाड, चुणीदार पडदे लावावेत व खाली सतरंजी अंथरावी. खर्ज मात्र कापडाने आवरत नाही. त्यासाठी सबवूफर कोपऱ्यातून थोडा बाहेर सरकवून पाहावा.

या कामात आपल्या कारागीर बंधूंनाही वाव आहे. भिंतीतून तारा नेणे इलेक्ट्रिशियनचे, स्टँड सुताराचे, पडदे शिंप्याचे. या तिघांनी मिळून काम घेतले तर गिऱ्हाइकाला वर्ध्याला चकरा माराव्या लागणार नाहीत. गिऱ्हाइकानेही पैसे मोजण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : चॅनेल किती, ओहम किती आणि आर.एम.एस. वॅट किती?