सेकंदाला दहा झाडं

नऊ वर्षांत ३०० कोटी झाडं लावायची, तर रोज सुमारे नऊ लाख रोपं मातीत जायला हवीत. रात्रंदिवस, सणवार न पाहता, सेकंदाला दहा! अमेरिकेत १९३३ ते १९४२ या काळात हे झालं आणि केलं ते बेकार पोरांनी.

महामंदीत तिथल्या दर चार कामकऱ्यांपैकी एक जण रिकामा बसला होता. मार्च १९३३मध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि त्याच महिन्यात बेकार तरुणांना छावण्यांत ठेवून निसर्गसंवर्धनाचं काम देणाऱ्या ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’चा कायदा आला. जुलैपर्यंत पावणेतीन लाख मुलं छावण्यांत दाखल झाली. १९३५मध्ये पाच लाखांवर. पगार महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ परस्पर घरी. ऐन भरात महिन्याला सव्वा कोटी डॉलर गरिबांच्या चुलीपर्यंत पोचत होते. मला झाडांपेक्षाही हा आकडा मोठा वाटतो. मुलींना मात्र इथे प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीय मुलांच्या छावण्या बहुतेक वेगळ्याच असत. हा अन्याय त्या हिशेबात धरायलाच हवा.

एवढ्या आकड्यांचा एखाद्या गावाला काय उपयोग झाला, ते विस्कॉन्सिनमधल्या कून व्हॅलीत दिसतं. पाणलोट ९२,००० एकरांचा. उताराच्या दिशेनेच नांगरट, डोंगरावर मोकाट गुरं. जोराचा पाऊस झाला की घळी आणखी फाटायच्या आणि खालची शेतं गाळाने भरायची. १९३३मध्ये देशातला पहिला मृदसंधारण पाणलोट प्रकल्प इथे सुरू झाला. चारशेवर शेतकऱ्यांनी करार केले आणि छावणीतली पोरं कामाला लागली. घळीचे उभे काठ तासून उतरते करायचे, आडवा बांध घालायचा, उघड्या मातीत रोपं लावायची, गुरं शिरू नयेत म्हणून कुंपण ठोकायचं. की पुढची घळ. वरच्या शेतांत मका, ओट आणि चाऱ्याचे पट्टे उताराला आडवे, वळणावळणाने आखले गेले. शेतकऱ्यांनी ही पद्धत पुढेही टिकवली, म्हणून पोरांच्या घामाचं चीज झालं.

भूगोलतज्ज्ञ स्टॅनली ट्रिम्बल यांनी नंतर अनेक वर्षं या खोऱ्यातला गाळ मोजला. १९९०च्या दशकात तिथे वर्षाला साचणारा गाळ १९३०च्या दशकातल्या गाळाच्या सुमारे सहा टक्केच उरला होता.