मृग, नांगर की कासव?

हिवाळ्याच्या रात्री तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीच्या शिवारातून वर पाहिलं, की एका ओळीत तीन ठळक तारे दिसतात. पंचांगवाले सांगतील, हा मृगाच्या पोटात घुसलेला बाण. गोंडांच्या लेखी हा नांगर. बैल जुंपणाऱ्याला हरणापेक्षा नांगर आधी दिसणारच! गणेश हलकारे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी गोंडांचं हे आकाशज्ञान २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात सप्तर्षी म्हणजे एक बाज आणि ती पळवणारे तीन चोर. सात ऋषींपेक्षा हे प्रकरण जास्त रंगतदार, असं आपलं माझं मत.

तेच तीन तारे मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी कासवाच्या पाठीवर चढवले. बोनाम्पाक या माया नगरीच्या आठव्या शतकातल्या भित्तिचित्रांत ते कासव ताऱ्यांसकट आहे. मातीच्या रंगीत ताटांवर तर गंमत पुढे जाते: कासवाचं कवच फुटतं आणि आतून चक्क मक्याचा देव बाहेर येतो. ज्याच्या पोटात मका, त्याच्या आकाशातही मका.

चंद्राबाबत मात्र दोन्हीकडे एकमत. आपल्याला चंद्रावर ससा दिसतो, मायांनाही तोच दिसला. त्यांची चंद्रदेवी सशाला कवेत घेऊन बसते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या एका प्रसिद्ध पेल्यावर ससा हातात लेखणी धरून पोथी लिहिताना दिसतो. दुसऱ्या भांड्यांवर लेखनिकाचं काम माकडांकडे. सूर्याचं काय? तो मावळला की जग्वार होऊन पाताळात हिंडतो, असं अनेक अभ्यासक या चित्रांवरून मानतात.

भांड्यांवरच्या चित्रांचं म्हणाल, तर आपल्याकडे जोर्वे इथे मिळालेल्या ताम्रपाषाणयुगीन मडक्यांवर तांबड्यावर काळी नक्षी आहे, पण ती बहुतेक रेघा-त्रिकोणांची. काळ्या रंगाची गोष्ट मात्र नाकाडोंगरीकरांना घरची वाटेल. सिंधू संस्कृतीच्या कुंभारांचा काळा रंग मँगनीजयुक्त खनिजापासून बनायचा, आणि मँगनीज म्हणजे तुमसर तालुक्याची ओळख! मॉयल या खाण कंपनीच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड आज मडक्यावर नाही, बॅटरीच्या सेलमध्ये जातं.

पावसाकडे वळलं की प्राणी पुन्हा हजर. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकीवरून वाहन ठरतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की शेतकरी खूश, कोल्हा किंवा मेंढा आला की कपाळाला आठ्या. विदर्भात पाऊस ओढ देतो तेव्हा पोरं मुसळाला बेडूक बांधून धोंडी मागत घरोघर फिरतात. युकातानच्या माया गावांत बेडकाची सुटका झालीय: तिथल्या पाऊसविधीत पोरंच वेदीच्या पायांशी बसतात आणि डरावडराव करतात!

भांड्यांची आणखी एक गोष्ट मात्र खास. माया पेल्यांच्या काठावर गोलाकार मजकूर असतो आणि तो फार गूढ असेल असा सगळ्यांचा समज होता. वाचता आला तेव्हा निघालं काय? हा पेला अमक्याचा, कोको प्यायचा. रिओ आझुल या माया स्थळावरच्या थडग्यातल्या, फिरकीच्या झाकणाच्या भांड्यात कोकोचे अंशही सापडले. लग्नातल्या स्टीलच्या डब्यांवर नावं घालणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल ते काय वाटणार!