इंजिन एकाचे, डबे दुसऱ्याचे

नागपुरातील मोतीबाग येथे नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथील इंजिन कितीही सुस्थितीत असले, तरी ब्रॉडगेजचे डबे त्याला ओढता येणार नाहीत. मापच जुळत नाही. माप जुळविण्याचा असाच प्रश्न 'जावा' या संगणकभाषेतही उभा राहिला होता.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जगापुढे आणलेल्या जावाचे दोन प्रमुख भाग आहेत. प्रोग्राम प्रत्यक्ष चालविते ते 'व्हर्च्युअल मशीन', म्हणजे इंजिन. फाइल वाचणे, मजकूर हाताळणे, नेटवर्कशी संपर्क साधणे अशा कामांचा तयार संग्रह म्हणजे 'क्लास लायब्ररी'. इंजिन स्वतंत्रपणे घडविणारे अनेक होते; पण सनची लायब्ररी तेव्हा मुक्त नव्हती. मुक्त म्हणून लिहिलेला प्रोग्रामही त्या लायब्ररीवाचून चालत नसेल, तर तो बेडीतच राहतो, असा इशारा रिचर्ड स्टॉलमन यांनी २००४ मध्ये दिला होता.

या अडचणीवर १९९८ पासून 'जीएनयू क्लासपाथ' हा प्रकल्प उत्तर शोधत होता. एकच मुक्त लायब्ररी 'काफे', 'जॅमव्हीएम' अशा निरनिराळ्या इंजिनांना जोडता यावी, हा त्याचा हेतू. लायब्ररीचा बहुतेक भाग जावातच लिहिता येतो. मात्र नवा थ्रेड सुरू करणे किंवा स्मृतीतील वस्तूची प्रत काढणे ही कामे इंजिनाच्या अंतरंगात शिरल्याशिवाय होत नाहीत. क्लासपाथने ती 'व्हीएमथ्रेड', 'व्हीएमऑब्जेक्ट' अशा छोट्या क्लासमध्ये वेगळी काढली. इंजिनकर्त्याने तेवढा सांधा आपल्या यंत्राप्रमाणे लिहायचा. उरलेली लायब्ररी जशीच्या तशी वापरायची. सुरू होताच इंजिन या लायब्ररीतून 'ऑब्जेक्ट' हा मूळ क्लास उचलते. तो सापडला नाही, तर प्रोग्रामची पहिली ओळही चालत नाही. दोहोंच्या आवृत्त्या न जुळल्यासही गाडी अडू शकते.

नोव्हेंबर २००६ मध्ये सनने जावा मुक्त करण्याची घोषणा केली आणि २००७ मध्ये 'ओपनजेडीके' अवतरले. त्यातील काही भाग इतरांच्या मालकीचे असल्याने खुले करता आले नाहीत. 'आइस्डटी' प्रकल्पाने त्या जागा भरण्यासाठी क्लासपाथचाच आधार घेतला.

क्लासपाथची अखेरची आवृत्ती २०१२ मध्ये आली. तथापि, ओपनजेडीकेच्या परवान्यात 'क्लासपाथ अपवाद' आजही कायम आहे. लायब्ररी मुक्त असली तरी तिच्या आधारे लिहिलेला प्रोग्राम खुला करण्याची सक्ती नाही, असा त्याचा आशय. नागपूरचा एखादा विद्यार्थी आज ओपनजेडीके विनामूल्य उतरवून घेतो, तेव्हा त्या जुन्या सांधेजोडीची खूण त्याच्या संगणकावर आपसूक येते.